अर्धा सांगाडा

तुळजाबाईचा सहजासहजी कशावर विश्वास बसायचा नाही. दुकानातून आणलेलं मीठ ती आधी जिभेवर ठेवून बघायची, देवळातून आलेला नारळ कानाशी धरून हलवायची, आणि नवरा अंबडच्या बाजारातून वेळेवर परतला तर आज हा इतक्या लवकर कसा काय उगवला, म्हणून त्याच्या तोंडाकडे बघत बसायची. उशिरा आला तर मात्र नुसती बघायची नाही, बोलायची. नवरा पुंजाराम स्वभावानं गरीब. बैलाला मारायचं नाही आणि बायकोला उलट बोलायचं नाही, या दोन नेमांवर त्यानं वीस वर्षं संसार ओढला होता.

अशा या बाईच्या दारात ऐन चैत्रात केशवराव वकिलांची बैलगाडी येऊन उभी राहिली आणि तिच्यातून एक काळी पत्र्याची पेटी खाली उतरली.

केशवराव अंबडच्या कोर्टात वकिली करायचे. गावाबाहेर त्यांची जमीन होती आणि ती पुंजाराम बटईनं, अर्ध्या वाट्यावर, कसायचा. शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे शेतघराला, दोन खोल्या होत्या. एकीत पुंजाराम आणि तुळजाबाई राहायची, दुसरीत सरकी, औतं आणि जुना कडबा. पेटी त्या दुसऱ्या खोलीत गेली. पेटीमागून वकिलांचा मुलगा भालचंद्र उतरला. तो हैद्राबादला डॉक्टरीच्या पहिल्या वर्षाला होता आणि सुट्टीसाठी आगगाडीनं जालन्यापर्यंत आणि तिथून गाडीनं घरी आला होता. वकिलांनी पुंजारामला सांगितलं, की पेटीत भालूची पुस्तकं आहेत, घरी पाहुण्यांची वर्दळ फार, तेव्हा तो रोज सकाळी इथं येऊन निवांत अभ्यास करील. खोलीला कुलूप त्याचं राहील. आणि ही गोष्ट गावभर करायची गरज नाही.

पुंजाराम हो म्हणाला. तुळजाबाई पेटीकडं बघत राहिली, आणि हे लक्षण चांगलं नव्हतं.

तिच्या मनात दोन गोष्टी बसेनात. वकिलांच्या घराला माडी होती आणि माडीवर या पोराला वेगळी खोली होती. मग अभ्यासाला दोन मैलांची पायपीट कशाला? दुसरं म्हणजे पेटी पुंजारामनं एकट्यानं डोक्यावरून आत नेली आणि त्याला घामसुद्धा फुटला नाही. तेवढी पेटी भरून पुस्तकं असती तर दोन गडी लागले असते. शिवाय ठेवताना पेटी आतून खडखडली. पुस्तकं खडखडत नाहीत, हे न शिकलेल्या बाईलाही कळतं.

आधी तिला वाटलं, यात जमिनीचे कागद असतील. वकील माणूस, बटई मोडायचा विचार असेल, आणि कागद लपवायला घरापेक्षा शेत बरं. मग वाटलं, दागिने. मग तिनं कान लावायला सुरुवात केली. दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीला एक चीर होती. तिच्याशी सूप घेऊन ती रोज सकाळी डाळ निवडायला बसायची. इतकी डाळ त्या घरात वर्षभरात शिजली नसेल.

आतून पोराचं पुटपुटणं ऐकू यायचं. हैद्राबादेत तेव्हा डॉक्टरी उर्दूतच शिकवायचे, म्हणून शब्द उर्दू, तेही कोर्टकचेरीतले नाहीत, कुणी कधी न ऐकलेले. एखादा कळायचा. चिरेतून पेटी दिसायची नाही, पोर तेवढं दिसायचं. ‘हंसली’ म्हणताना तो स्वतःच्या गळ्याखालचं हाड चाचपायचा, डोळे मिटायचा आणि पुन्हा पुटपुटायचा. मग उठून फेऱ्या मारायचा, एका पायावर उभा राहायचा, गुडघ्याची वाटी बोटांनी इकडंतिकडं सरकवायचा. एकदा तर बाहेर येऊन त्यानं पुंजारामला बंडी वर करायला सांगितली आणि गळ्यापासून कमरेपर्यंत त्याच्या बरगड्या दाबून मोजल्या. पुंजाराम खूश झाला. होणाऱ्या डॉक्टरनं आपल्याला फुकट तपासलं, असं तो दिवसभर सांगत होता. तुळजाबाईनं त्या दिवशी सांजच्याला नवऱ्याच्या बरगड्या स्वतः पुन्हा मोजून घेतल्या आणि खोलीच्या चौकटीला लिंबू आणि बिब्बा बांधला.

हे पोर करणी शिकून आलंय, असं तिचं जवळजवळ नक्की ठरलं होतं. पण ती खातरजमा केल्याशिवाय बोभाटा करणारी बाई नव्हती.

खातरजमेची वेळ आठव्या दिवशी आली. वकिलांच्या घरून निरोप आला की जावई आलेत, जल्दी बोलावलंय. भालचंद्र तसाच धावत गेला आणि कुलूप कडीत नुसतं अडकवून गेला. तो बांध ओलांडेपर्यंत तुळजाबाई थांबली. मग आत गेली आणि पेटीचं झाकण उचललं.

आत गवताच्या काड्यांवर हाडं होती. माणसाची.

ती ओरडली नाही. हाडांचं भय तिला लहानपणापासून नव्हतं. तिचे वडील रखमाजी जाफराबादचे. मोडलेली हाडं बसवण्यात त्यांचा हात धरणारा त्या बाजूला कुणी नव्हता. माणूस कळवळत असताना त्याचा खांदा धरणं, बांबूच्या कामट्या पुढं करणं, सुतळी आवळणं, हे तुळजाबाईनं परकरात असल्यापासून केलं होतं. कातडीखालचं हाड तिला बोटानं दिसायचं. पण कातडीबाहेरचं, धुऊन स्वच्छ केलेलं, असं ती पहिल्यांदाच बघत होती. हाडांवर कुणीतरी तांबड्या आणि निळ्या शाईनं रेघा ओढल्या होत्या, बारीक अक्षरं लिहिली होती. कवटीचं वरचं टोपण करवतीनं कापून तारेच्या आकड्यांनी परत बसवलेलं होतं.

त्या करवतीच्या रेघेपाशी तिची नजर थांबली. कारण तिला मच्छिंद्रचं चावडीवरचं बोलणं आठवलं.

तुळजाबाईला एकच भाऊ होता, कडूबा. तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. दोन वर्षांमागं तो गावच्या मच्छिंद्रबरोबर हैद्राबादला बांधकामावर गेला होता. तिथं त्याला तापानं धरलं. मच्छिंद्रनं त्याला मोठ्या दवाखान्यात नेऊन टाकलं आणि चार दिवसांनी बघायला गेला, तर खाट रिकामी. तो गेला, एवढंच सांगितलं. मयत विचारायला कुणी आलं नाही म्हणून पुढचं दवाखान्यानं केलं. मच्छिंद्र कडूबाचा पटका तेवढा घेऊन परत आला. तुळजाबाईनं त्याला त्याच दिवशी उभा आडवा घेतला, की चार दिवस तू कुठं होतास. पुढं कधीतरी चावडीवर बसून तो बोलून गेला होता, की बेवारशी मुडदे डॉक्टरीची पोरं शिकायला नेतात, चिरतात, आणि हाडं उकळून ठेवतात. तुळजाबाईच्या कानावर ते आलं होतं. तेव्हा तिनं मच्छिंद्रला खोटारडा म्हटलं होतं.

आता ती पेटीपुढं उकिडवी बसली आणि कवटीकडं बघत राहिली. कपाळ कडूबासारखं होतं. दात त्याचेच होते. भालचंद्र हैद्राबादहून आला होता, पेटी हैद्राबादहून आली होती, आणि कडूबा हैद्राबादेत मेला होता. ज्या बाईनं कधी मिठावर विश्वास ठेवला नाही, तिनं यावर घटकाभरात ठेवला.

पुंजारामला तिनं सांगितलं नाही. तो गडबडून वकिलांकडं गेला असता. ती एकटीच मनात बेत करत राहिली. कडूबाला अग्नी मिळाला नव्हता, पाणी मिळालं नव्हतं. त्याची हाडं गोदावरीत गेल्याशिवाय तो सुटणार नव्हता, आणि त्याला नेणारं दुसरं कुणी नव्हतं. आई-बाप आता राहिले नव्हते. शहागडाला गंगा सात-आठ कोसांवर. पोराची सुट्टी संपायच्या आत, वकील कामानिमित्त औरंगाबादला जातील तेव्हा, गाडी जुंपायची आणि पेटीच घेऊन जायची. मागून काय व्हायचं ते होऊ दे. बटई गेली तरी चालेल.

दरम्यान ती भावाबरोबर राहू लागली. दिवेलागणीला खोलीच्या उंबऱ्याशी पणती ठेवायची. दाराखालच्या फटीतून भाकरीचा तुकडा आत सरकवायची. पुंजाराम शेतात असला की चिरेशी बसून बोलायची. माहेरच्या चिंचेबद्दल, आईच्या दुखण्याबद्दल. कशाला गेल्तास रे तिकडं, इथं काय खायला नव्हतं, असं रागवायची. तिला बरं वाटायचं. दोन वर्षांत पहिल्यांदा तिला रागवायला जागा मिळाली होती. फक्त सकाळी भालचंद्र आला की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्याला ताक देताना तिच्या मनात यायचं, हे गाडगं याच्या डोक्यात घालावं. भावाच्या हाडावर रेघा ओढणारं हे पोर लहानपणी तिच्याच हातचा हुरडा खाऊन मोठं झालं होतं.

भालचंद्रलाही आता संशय येऊ लागला होता. दाराशी तेलाचे डाग, उंबऱ्याच्या आत मुंग्या, आणि मुंग्यांमध्ये भाकरी. तो दोनदा कुलूप ओढून बघायचा, जाताना मागं वळून बघायचा. तो तुळजाबाईकडं चोरून बघायचा आणि तुळजाबाई त्याच्याकडं उघड बघायची. चार दिवस असे गेले. पाचव्या दिवशी सकाळी तो खोलीतून बाहेर आला, तेव्हा त्याच्या हातात भाकरीचा तुकडा होता.

त्यानं विचारलं, हे काय. ती म्हणाली, भाकर. कुणासाठी? आतल्यासाठी.

पोराचा चेहरा पांढरा पडला. तो ओसरीवर मटकन बसला आणि एका दमात सगळं बोलून गेला. पेटीत हाडं आहेत हे खरं. कॉलेजात पहिल्या वर्षाला हाडं शिकायला देतात, परीक्षेत एखादं हाड हातात देऊन त्याची प्रत्येक खाच आणि उंचवटा विचारतात. पेटी तो घरीच घेऊन आला होता, पण त्याची आई रमाबाई सोवळ्याची, आणि ती कपडे उन्हात घालायला म्हणून पेटी उघडायलाच निघाली होती. तेव्हा वडिलांना सांगावं लागलं. वडील म्हणाले, हे घरात नको, आणि इथं आणून ठेवलं. आईला कळलं तर ती त्याला पुन्हा कॉलेजात जाऊ द्यायची नाही. मावशी, कुणाला सांगू नको, असं त्यानं तीनदा म्हटलं.

“मला तुमच्या आईशी काय करायचंय,” तुळजाबाई म्हणाली. “मला माझा भाऊ पायजे. त्या पेटीत माझा कडूबा हाय.”

भालचंद्रला आधी काही कळेना. मग तिनं सांगितलं. दवाखाना, मच्छिंद्र, रिकामी खाट, सगळं. ती उभ्यानंच सांगत होती. तो ऐकत गेला तसा त्याचा चेहरा हळूहळू सैल झाला. तो हसला नाही, तेवढं भान त्याला होतं. पण सुटल्यासारखं त्याला वाटलं आणि ते दिसलं. तो आत जाऊन एक चपटं, वाकडंतिकडं हाड घेऊन आला.

“मावशी, हे कमरेचं हाड. मागच्या बाजूला ही खाच बघ. तिच्यात अंगठा घाल.”

तिनं घातला.

“हलतो का इकडंतिकडं?”

अंगठा हलत होता.

“पुरुषाचं असतं तर गच्च बसला असता. बाईला बाळंत व्हायचं असतं, म्हणून तिच्या कमरेत जागा रुंद. हे बिलकुल बाईचं हाड आहे. तुझा भाऊ नाही हा.”

तो मोठ्या खुशीत होता. परीक्षेतलं उत्तर पहिल्यांदाच कुणाच्या तरी उपयोगी पडलं होतं. तुळजाबाईला सुटल्यासारखं वाटायला पाहिजे होतं. तिला तसं वाटलं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. चार दिवस भाऊ घरी होता. आज या पोरानं एक अंगठा हलवून त्याला पुन्हा नेलं. दोन वर्षांमागं मच्छिंद्रनं पटका पुढं केला, तेव्हाही ती रडली नव्हती. तेव्हा ती भांडत होती. आज भांडायला काही राहिलं नव्हतं, तर ती तिथंच बसून पदरात तोंड घालून रडली. भालचंद्र बावरून उभा राहिला. वाईट बातमी खोटी निघाल्यावर माणूस का रडतं, हे त्याच्या पुस्तकात नव्हतं.

थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले. हातात अजून ते कमरेचं हाड होतं. खाचेच्या पुढं त्याला एक खोलगट वाटी होती. वडिलांबरोबर तिनं निखळलेल्या मांड्या बसवताना पाहिल्या होत्या. या वाटीत मांडीचा गोळा बसतो, हे तिला कुणी सांगायला नको होतं. सवयीनंच ती म्हणाली, “मांडीचं हाड आना.”

त्यानं आणून दिलं. तिनं गोळा वाटीत टेकवला, फिरवला, पुन्हा टेकवला. मग तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“हे हिचं न्हाई.”

“असं कसं? एकाच पेटीतलं आहे.”

“तुमीच बसवून बघा.”

त्यानं बसवून बघितलं. गोळा वाटीपेक्षा मोठा होता. कितीही फिरवला तरी बाहेरच राहत होता. त्यानं मांडीचं हाड गुडघ्याखालच्या हाडाशी लावलं, तर तिथंही सांधा जुळेना. तो पेटीच ओसरीवर घेऊन आला आणि दोघं एकेक हाड काढून दुसऱ्याशी लावू लागली. खांद्याचं दंडाशी जमलं, दंडाचं कोपराशी नाही. मणके निदान दोघांचे होते. तुळजाबाई हात लावून सांगायची आणि भालचंद्र बघून मान हलवायचा. वर्षभर त्यानं या हाडांवर रेघा ओढल्या होत्या, कुठला स्नायू कुठून निघून कुठं चिकटतो ते पाठ केलं होतं, पण एक हाड दुसऱ्याला लावून बघितलं नव्हतं. परीक्षेत ते विचारत नाहीत, असं तो हळूच म्हणाला. मग त्याला आठवलं की कॉलेजात हाडांचे वेगवेगळे ढीग असतात आणि रखवालदार प्रत्येक ढिगातलं एकेक उचलून पोरांना देतो. आजवर त्याला हा एक सांगाडा वाटत होता. पेटीत पाच-सहा माणसं होती.

म्हणजे कमर बाईची असली म्हणून कडूबा नाही, असं म्हणता येत नव्हतं. हे दोघांच्याही एकदम ध्यानात आलं. भालचंद्रनं मान खाली घातली. तुळजाबाई ताठ झाली.

“कडूबाचा डावा हात मोडल्ता,” ती म्हणाली. “एकोणीस वर्साचा व्हता. गाडी उलटली. मनगटाच्या वर चार बोटं, दोन्ही हाडं. बाबांनी बसवला. सरळ बसवला, बराबर वेताच्या काठीवाणी. नुसती बारीक गाठ राह्यली व्हती. दीड महिना माहेरी राहून मीच तेल चोळलं तिथं. माझा अंगठा ती गाठ इसरायचा न्हाई.”

भालचंद्रनं हाताची दोन्ही हाडं तिच्यापुढं ठेवली. तिनं ती नुसती उचलली आणि परत ठेवली. “हा उजवा हाय. डावा कुठंय?”

तेव्हा त्याला सांगावं लागलं, की पेटीत अर्धाच सांगाडा आहे. दोन पोरांत एक देतात. एकाला उजवा हात आणि उजवा पाय, दुसऱ्याला डावा. त्याचा जोडीदार बिदरचा होता. डावी बाजू त्याच्या घरी होती.

बिदर कुठं आहे ते तुळजाबाईला माहीत नव्हतं. पण तिथं कुणाच्या तरी घरात, कुणाच्या तरी पलंगाखाली आपल्या भावाचा हात असेल, हे तिच्या डोळ्यांपुढं आलं. आणि कमरेची कुणी बाई, मांडीचा कुणी उंच माणूस, यांचीही कुठंतरी बहीण असेल, जी दाराकडं बघत असेल. ते तिनं मनातून झटकून टाकलं. तिला आपलाच भाऊ पुरे होता.

पेटी न्यायचा बेत तिनं सोडला. त्याच्या बदल्यात तिनं भालचंद्रकडून वचन घेतलं. कॉलेज उघडलं की त्यानं डावा हात बघायचा, आणि नुसता जोडीदाराचाच नाही, ढिगातलेही सगळे. चार बोटांवर गाठ सापडली तर घेऊन यायचं. ती कुणाला काही सांगणार नाही. त्यानं कबूल केलं. जाताना तो तिच्या पाया पडायला वाकला, पण मग वकिलाच्या पोरानं असं करावं की नाही हे न कळून अर्ध्यातच उभा राहिला. तुळजाबाई त्याच्याकडं डोळे बारीक करून बघत होती. हा विसरणार, अशी तिची खात्री होती.

पाऊसकाळ गेला. कपाशी फुटली, वेचणी सुरू झाली. पुंजाराम बाजारातून आला की ती विचारायची, वकिलांकडं काही कागद आलाय का. पुंजारामला वाटायचं, बायकोला बटईची धास्ती लागलीय. तो समजूत घालायचा आणि ती त्याला घालू द्यायची. त्या वर्षी तिनं मच्छिंद्रशी भांडण काढलं नाही. तो वाटेत दिसला की त्याच्याकडं बघत मात्र राहायची. चार दिवस तो कुठं होता, हे तिला अजून हवंच होतं.

दिवाळीला भालचंद्र आला. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच तो एकटा, पायी आखाड्यावर आला. अंगानं उतरला होता. पुंजाराम बैलं घेऊन विहिरीवर गेला होता. भालचंद्रनं सदऱ्याच्या आतून धुतलेल्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढं केलं.

“मावशी, सापडलं,” तो म्हणाला. “डावा हात. मोडून जुळलेला.”

जोडीदाराच्या पेटीत नव्हतं, ढिगात सापडलं, असं तो सांगत होता. रखवालदाराची नजर चुकवून त्यानं ते काढलं. सापडला असता तर कॉलेजातून गेला असता. तो भरभर बोलत होता आणि बोलताना चौकटीकडं बघत होता. तिच्याकडं बघत नव्हता.

तुळजाबाईनं फडकं उलगडलं. एकच हाड होतं, कोपरापासून मनगटापर्यंतचं. तिनं डाव्या हातात धरलं आणि उजव्या हाताचा अंगठा त्याच्यावरून फिरवला. मनगटापासून चार बोटांवर गाठ होती. मोठी, खडबडीत. आणि गाठीपाशी हाड वाकडं झालं होतं. मोडलेली दोन टोकं एकमेकांवर चढून तशीच जुळली होती. या हाताला कुणी ओढलं नव्हतं, कामट्या बांधल्या नव्हत्या, तेल चोळलं नव्हतं. रखमाजीनं असा हात कुणाचाही सोडला नसता, स्वतःच्या पोराचा तर नाहीच.

हा कडूबा नव्हता. तिला तेवढीच खात्री झाली, जेवढी उन्हाळ्यात कवटीकडं बघून तो असल्याची झाली होती.

तिनं भालचंद्रकडं बघितलं. तो अजून चौकटीकडंच बघत होता. त्याचे डोळे लाल होते. यानं सगळे ढीग उपसले असणार, तिला कळलं, आणि काही न मिळाल्यावर हे उचललं. सरळ आणि वाकड्यातला फरक तिच्या अंगठ्याला कळेल, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. मोडलेला हात म्हणजे मोडलेला हात, एवढंच त्या पोराला ठाऊक. खोटं बोलायला तो इतक्या दूरवरून आला होता. आयुष्यभर तिनं लोकांचं खोटं पकडलं आणि त्यांच्या तोंडावर मारलं. हे पकडलं आणि तसंच राहू दिलं. तिनं हाड परत फडक्यात गुंडाळलं, पदराखाली घेतलं, आणि त्याला म्हणाली, “बसा. फराळ करून जा.”

तिसऱ्या दिवशी पुंजारामनं गाडी जुंपली. आता त्याला सगळं सांगितलं होतं. म्हणजे कडूबाचं हाड पोरानं आणलं, इथवर. पहाटे निघून ते दुपारी शहागडाला पोचले. गोदावरीला अजून चांगलं पाणी होतं. घाटाच्या पायऱ्यांवर बसून तिनं फडकं सोडलं, हाडाला हळद-कुंकू लावलं, आणि तिचा अंगठा आपोआप त्या वाकड्या जागी गेला. ती तिथं चोळत राहिली, तेल लावल्यासारखी. पुंजाराम शेजारी उभा होता. बराच वेळ झाला तेव्हा तो म्हणाला, की सोड आता, कडूबाला जाऊ दे.

“ह्यो कडूबा न्हाई,” ती म्हणाली.

पुंजारामला ऐकलं ते खरं वाटेना. बैलं उन्हात सात कोस चालली होती. मग आपण कशाला आलो, असं त्यानं विचारलं, आणि वीस वर्षांत पहिल्यांदा त्याचा आवाज चढला.

“ह्याचा हात मोडला तवा ह्याच्यापाशी कोणी नव्हतं. तसाच दुखत दुखत आपला आपून जुळला. कोणी बघितलं न्हाई. मेला तवाबी कोणी आलं न्हाई, न्हाई तर त्या ढिगात कशाला आला असता?” तिनं हाड दोन्ही हातांत धरलं. “आपुन आलोत, तर सोडू ह्याला.”

“अन् कडूबा?”

ती पाण्याकडं बघत होती. कडूबाच्या सरळ हातावरून आज कुणाचा तरी अंगठा फिरत असेल, किंवा अशाच कुठल्या नदीवर, नाव न विचारता, कुणी त्याला सोडून गेलं असेल. याचा तिच्याकडं काही पुरावा नव्हता.

“त्यालाबी कोणीतरी नेलं असंल,” ती म्हणाली.

पुंजारामनं तिच्या तोंडाकडं बघितलं. मग त्यानं वहाणा काढल्या, धोतर वर खोचलं, आणि तिला आधार द्यायला तिच्या आधी पाण्यात उतरला.